चतुःसीमा

पूर्वेस नदी.
पश्चिमेस खाजण.
दक्षिणेस कैतान मस्कित्ता याचं भातशेत.
उत्तरेस पाऊलवाट, सरकारी.

घड्यांवर कागद विरला होता,
मागून लुगड्याचा तुकडा खळीने चिकटवलेला.
बेलिना किणीने तो माझ्या प्लेन टेबलावर पसरला
आणि चार कोपऱ्यांवर चार शिंपल्या ठेवल्या.

मी पंचविशीचा भूकरमापक.
साखळी नवी, बूट नवे.
म्हणालो, बाई, तुमच्या पूर्वेला तर पत्र्याची शेड आहे,
बॅटऱ्यांचं शिसं वितळवतात तिथे.
नदी वाहते पश्चिमेला.
कागदाप्रमाणे बघितलं तर
तुमचं घर पैलतीरावर आहे.

ती हसली नाही.
"घर हाललं नाय, सायब. नय हालली."

मग सांगत बसली. मी लिहून घेत नव्हतो.
सासऱ्याच्या आज्याच्या वेळी
उधाणाला खारं पाणी कुर्ल्याच्या दारात यायचं,
त्याच्या पाठीवर मिठाचे मचवे, मडक्यांच्या होड्या,
एकदा तर नवरी, वांद्र्याहून,
भांगाचा दिवस कुणी बघितलाच नाही,
चिखलात रुतून बसली दोन प्रहर
पायांत रेशमी मोजे घालून.
पुढे वर डोंगरात बांध पडला,
शहर पाणी प्यायलं, नदी बारीक झाली.
खाली माहीमला रस्ता टाकून तिचं तोंड आवळलं.
धारावीचा काळा किल्ला अजून पहाऱ्यावर आहे,
ज्याच्यावर पहारा, ते पाणी गल्ल्यांपलीकडे निघून गेलं.
मग विमानं आली.
विमानाला सरळ जमीन लागते,
म्हणून नदीला काटकोनात वळायला सांगितलं.

काटकोन मी शाळेत शिकलो, कचेरीत शिकलो.
पाण्यात तो पहिल्यांदा पाहिला:
भिंत होती, आणि पाणी तिला डोकं लावून उभं.

मी निकाल लिहिला. कब्जा कायम, चतुःसीमा दुरुस्त.
पूर्वेस शेड. पश्चिमेस नाला.
हो, नालाच लिहिलं.
साहेब म्हणाले, नदी लिहिली की
दोन्ही काठ सोडावे लागतात.

एकतीस वर्षं हद्दी लावत फिरलो.
आगरांवर काचा उगवल्या. निवट्या गेल्या.
बोय मारणाऱ्या घरातली पोरं
त्याच काचांच्या दाराशी शिट्टी घेऊन उभी राहिली.
साखळी गेली, यंत्र आलं, दृष्टी जाड झाली.

मग तो जुलै.

आठव्या दिवशी पंचनाम्याला पोचलो.
किण्यांच्या पूर्वेची शेड नव्हतीच.
तिच्या जागी लांबट, वाकडा खड्डा,
काठाने वाळू. धुतलेली. नदीतली.
सवयीने मोजलं, रात्री जुन्या शीटवर टिपण ठेवलं:
रेघेवर रेघ, दीड कडीचा फरक.
दीड कडी माझ्या हाताची चूक असू शकते.

अहवाल दिला. शेरा मारून परत आला:
"सदर नदीने कोणताही अर्ज दाखल केल्याचे दिसून येत नाही."

बेलिना तोवर वारली होती.
परवा तिचा नातू आला, घर विकतोय.
काका, चतुःसीमा सांगा, मसुदा करायचाय.
सांगितल्या. उत्तरेस उड्डाणपुलाचा खांब.
दक्षिणेस सोसायटी. पश्चिमेस संरक्षक भिंत.
पूर्वेस म्हणून मी जरा थांबलो
तेवढ्यात त्याने लिहूनही टाकलं: पार्किंग.

त्या दिवशीची एक शिंपली
माझ्या टेबलाच्या पेटीत राहून गेली होती.
पूर्वेच्या कोपऱ्यावरची असावी.
तिला अजून खाडीचा वास येतो
असं लिहायला बरं वाटलं असतं.
येत नाही. मी हुंगून पाहिली.